सातनंतरची वही: इंदुरात नोकरी आणि घर यांचा मेळ कसा बसवायचा

आधी एक शाळकरी वही घ्या, किंवा जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू वर करून फ्रिजवर चिकटवा. दोन आठवडे रोज चार वेळा लिहायच्या: घरातून किती वाजता निघालात, काम किती वाजता उरकलं, घरात पाऊल किती वाजता टाकलं, आणि झोपण्याआधी कामाचा शेवटचा फोन, मेसेज किंवा मेल किती वाजता पाहिला. घरूनच काम असेल तर निघण्या-पोचण्याच्या जागी लॅपटॉप उघडल्याची आणि मिटल्याची वेळ लिहा. पहिल्या तीन वेळा सगळ्यांना तोंडपाठ असतात. चौथी कोणालाच नक्की माहीत नसते, आणि घरातली निम्मी कुरबुर तिच्यावरूनच होते. नवऱ्याला वाटतं साडेआठला सगळं आटोपलं, बायकोच्या मते साडेदहा वाजले होते, आणि वही दाखवते दहा वाजून दहा मिनिटं.

हा खटाटोप अशासाठी, की मोजल्याशिवाय साहेबाशीही नीट बोलता येत नाही आणि घरच्यांशीही. 'फार काम असतं हो' या वाक्याला कोणी उत्तर देत नाही. 'गेल्या दहा दिवसांत सात दिवस रात्री दहानंतर मेल आली' याला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.

आता हिशेब. दिवसाचे तास २४. समजा राजेंद्र नगरात घर आहे आणि नोकरी सुपर कॉरिडॉरवर. ऑफिसात साडेनऊ तास, जाण्यायेण्यात दीड, झोप सात, आंघोळ-जेवणखाण-कपडे-आवराआवर अडीच. बेरीज साडेवीस. म्हणजे कामाच्या दिवशी आपले म्हणावेत असे तास उरतात साडेतीन. मुलांचा अभ्यास, आईचं औषध, बायकोशी दोन शब्द, फिरणं, नुसतं पडून राहणं, सगळं याच साडेतीन तासांत. त्यात आठ ते नऊ कॉल आणि मग अर्धा तास मेसेजची उत्तरं धरली की हातात राहिले दोन. तेही एकसलग नाहीत, तुकड्यातुकड्यांत.

कामाच्या बाजूनेही हाच हिशेब मांडा. साडेनऊ तासांतून जेवणाचा अर्धा तास वजा केला तर पाच दिवसांचे ४५ होतात. रोज संध्याकाळचा दीड तास मिळवला की साडेबावन्न. शनिवारी सकाळी 'जरा बघून घेतो' म्हणून अडीच तास गेले की ५५. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात धोक्याची रेघ नेमकी इथेच आहे: आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. रात्री बारापर्यंत राबणाऱ्यांचीच ही गोष्ट नव्हे. वरचा माणूस रोज सातच्या आत घरी पोचतो, आणि तरीही ५५ भरतात.

संध्याकाळ कशी सुटते

सकाळी पाचला उठा, व्यायाम करा, ध्यान करा, असे सल्ले पोत्याने मिळतात. पण घरच्यांबरोबरचा वेळ गळतो तो संध्याकाळी सात ते दहामध्ये, म्हणून दुरुस्तीही तिथेच हवी. आठवड्यातल्या निदान चार संध्याकाळी अशा ठरवा की एका ठरलेल्या वेळेपासून पुढचे दोन तास काम बंद. साडेसात ते साडेनऊ चालेल, आठ ते दहा चालेल. वेळ कोणती हे कमी महत्त्वाचं. रोज तीच असली पाहिजे, कारण रोज बदलणारी वेळ घरातल्या लहान मुलाच्याही लक्षात राहत नाही आणि टीम लीडच्याही.

इंदुरात अमेरिकेचं काम करणारे पुष्कळ, आणि त्यांची एक खास अडचण दर वर्षी नोव्हेंबरात येते. आपलं घड्याळ वर्षभर एकच, तिकडचं दोनदा सरकतं. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. कॅलिफोर्नियाचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. मीटिंग तिकडच्या घड्याळाला बांधलेली असल्यामुळे कॅलेंडर आपोआप सरकतं, कोणी विचारतही नाही. मार्चपर्यंत रोजचा एक तास जातो आणि 'हल्ली फार उशीर होतो तुला' एवढंच घरात ऐकू येतं.

अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २०२६ मध्ये या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. इंग्लंडात मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार, म्हणजे २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. मधले दिवस सगळ्यात गोंधळाचे: मार्चात तीन आठवडे आणि ऑक्टोबराच्या शेवटी एक आठवडा लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातलं नेहमीचं पाच तासांचं अंतर चारच उरतं. तिन्हीकडची माणसं असलेली मीटिंग त्या दिवसांत भलत्याच वेळी येऊन आदळते. त्या तारखांना कुठलाही घरगुती कार्यक्रम ठरवण्याआधी कॅलेंडर उघडून बघा.

उपाय ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात करायचा, नोव्हेंबरात नाही. न्यूयॉर्कवाल्यांना सकाळी दहाऐवजी नऊची वेळ मागा, म्हणजे हिवाळ्यातही तुमचे साडेसातच राहतील. मागताना अडचणींचं पुराण लावू नका. असं लिहा: '१ नोव्हेंबरनंतर ही मीटिंग आमच्याकडे रात्री साडेआठला येईल. ती तुमच्या सकाळी नऊला घेतली तर आमची वेळ आताचीच राहील. चालेल का?' बहुतेकदा समोरच्याला हे ठाऊकच नसतं आणि तो हो म्हणतो. कॅलिफोर्नियावाल्यांशी हे जमणं कठीण. त्यांनी आठची वेळ दिली तरी आपले साडेनऊ वाजतात, आणि सकाळचे सात कोण देणार? तिथे रात्री वाटून घ्याव्यात: आठवड्यात दोन रात्री तुम्ही, दोन सहकारी, आणि नसाल तेव्हा सकाळी रेकॉर्डिंग किंवा टिपण.

उशिराच्या कॉलच्या बदल्यात सकाळ घ्यायची असेल तर ती कॅलेंडरात अडवून ठेवा. रात्री साडेअकराला कॉल संपला की 'उद्या उशिरा येईन' असं सगळेच म्हणतात, आणि सकाळी साडेनऊला स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, हजर असतात, कारण कॅलेंडरात ती जागा मोकळी दिसत होती. 'साडेदहापर्यंत उपलब्ध नाही' असा ठोकळा आदल्या आठवड्यातच टाका.

फोनचा बंदोबस्त

'रात्री फोन बघायचा नाही' हा निश्चय तीन दिवस टिकतो. सेटिंग टिकते. ठरवलेल्या दोन तासांसाठी 'डू नॉट डिस्टर्ब' आपोआप सुरू होईल असं वेळापत्रक लावा. त्यात आई-वडील, नवरा-बायको, मुलांची शाळा आणि शेजारचं एक घर यांना सूट द्या. मग 'पुन्हा फोन करणारे' हा पर्याय चालू करा. अँड्रॉइडवर त्याच नंबरावरून १५ मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन आला तर घंटी वाजते. आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची. साहेबाला एकदाच सांगून ठेवा: 'आठ ते दहा मेसेज दिसणार नाहीत. खरोखर अडलं तर लागोपाठ दोनदा फोन करा, मी उचलेन.' दोनदा फोन करायचा म्हटलं की निम्मी तातडी आपोआप विरते. उरलेली खरी असते, तेव्हा मात्र उचला. एकदा जरी शब्द मोडलात तर पुढच्या वेळी थेट बायकोच्या फोनवर फोन येईल.

व्हॉट्सॲपवर ग्रुप म्यूट करताना ८ तास, १ आठवडा आणि नेहमी असे पर्याय येतात. ऑफिसच्या ग्रुपला 'नेहमी' लावा आणि दिवसा स्वतः उघडून बघा. '८ तास' रोज लावावं लागतं आणि चौथ्या दिवशी विसरतं. जमलं तर कामासाठी वेगळं सिम किंवा फोनमधलं वेगळं वर्क प्रोफाइल ठेवा, ते एका बोटाने बंद होतं. आणि तुमच्या हाताखाली माणसं असतील तर रात्री सुचलेली मेल जरूर लिहा, पण 'शेड्यूल सेंड' करून सकाळी साडेनऊला पाठवा. 'उद्या बघितलंत तरी चालेल' असं लिहून रात्री अकराला पाठवलेली मेल कोणीही उद्या बघत नाही.

पीथमपूरची पाळी

पीथमपूर म्हणजे इंदूरजवळची कारखान्यांची वसाहत. तिथे पाळीत काम करणाऱ्यांना वरचं बरंचसं लागू नाही. त्यांचा प्रश्न झोपेचा. रात्रीची पाळी सकाळी सातला सुटली, बसने घरी यायला साडेआठ झाले, की नऊ-साडेनऊला अंधाऱ्या खोलीत आडवं होणं हेच त्या दिवसाचं मुख्य काम. इंदुरात नेमकं त्याच सुमारास सगळं जागं असतं: कचरागाडीचं गाणं, भाजीवाला, समोरचं देऊळ, आणि 'आलास का? बस, गरम पोहे करते' म्हणणारी आई. पोहे खावेत, पण बशीभर. पोटभर जेवून, वर जलेबी आणि दोन कप चहा घेऊन झोपणाऱ्याला बारा वाजता जाग येते. चहातल्या कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात. पाळीतला शेवटचा चहा पहाटे तीनच्या आसपास घ्यावा आणि घरी आल्यावर दूध किंवा ताक.

खिडकीला जाड, गडद पडदा लावा. तो नसेल तर जुनी सतरंजीही चालते, वाऱ्याने हलणार नाही अशी खिळ्यांवर अडकवून. पंखा चालू ठेवा. त्याच्या घरघरीत बाहेरचे आवाज बुडतात. दाराच्या कडीला लाल रुमाल बांधला की झोप चालू आहे, ही खूण घरात आणि शेजारीही सांगून ठेवावी. सलग सात तास झोप मिळाली नाही तर पाच सकाळी आणि दोन संध्याकाळी पाळीवर निघण्याआधी, असंही चालतं. सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे रात्रपाळी संपवून दुचाकीवर परतणं. एका क्षणाची डुलकी पुरते. कंपनीची बस असेल तर तीच घ्या. नसेल तर निघण्यापूर्वी २० मिनिटं बसल्या जागी डोळे मिटा.

पाळ्या कोणत्या क्रमाने फिरवायच्या हे विचारून बघता येतं. सकाळ, मग दुपार, मग रात्र हा क्रम शरीराला उलट क्रमापेक्षा सोपा जातो, कारण उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सहज जमतं. आणि तासांचा हिशेब स्वतःजवळ लिहून ठेवा. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दर ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनची आहे. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही ४८ तास आणि दुप्पट दर कायम आहेत. मात्र हुद्दा 'सुपरवायझर' किंवा 'एक्झिक्युटिव्ह' झाला की ओव्हरटाइमचा हक्क बरेचदा जातो. बढतीच्या पत्रावर सही करताना पगारवाढीतून हे तास वजा करून बघा. काही वेळा बढती तोट्यात पडते.

टंकी कोण बुक करतं?

कामाकडून सोडवून आणलेले दोन तास घरात कोणाच्या वाट्याला जातात, हा पुढचा आणि जास्त नाजूक प्रश्न. दोघंही नोकरी करतात त्या घरात नवरा 'मी मदत करतो की' म्हणतो आणि बायको गप्प बसते. हा तिढा सोडवायला एकच वस्तू जवळून पाहा: गॅसचं सिलिंडर, इंदुरी बोलीतली टंकी. ज्योत पिवळी पडू लागली हे कोणाच्या लक्षात येतं? फोनवरून बुकिंग कोण करतं? डिलिव्हरीचा कोड कोणाच्या मोबाइलवर येतो? टंकीवाला दुपारी पावणेबाराला येईल तेव्हा घरात कोण असेल, आणि रिकामी टंकी जाळीतून बाहेर कोण काढून ठेवेल? या पाचांपैकी नवरा शेवटचं एक काम करतो, तेही सांगितल्यावर. उरलेली चार डोक्यात वागवायची असतात, आणि थकवा त्या वागवण्याचा असतो.

म्हणून काम वाटताना तुकडा देऊ नका, अख्खं द्या. लक्षात ठेवणं, करणं आणि बिघडलं तर निस्तरणं, तिन्ही एकाच माणसाकडे. टंकी नवऱ्याकडे असेल तर ती रविवारी सकाळी संपली तेव्हा इंडक्शन काढणं किंवा बाहेरून पोहे आणणंही त्याच्याकडेच. पहिले दोन महिने चुका होतील. त्या वेळी बायकोने मागून हळूच बुकिंग करून टाकलं, की काम पुन्हा तिच्याकडे आलं म्हणून समजा.

अशा कामांची यादी एकदा बसून करा: दूध, पोळ्यांच्या मावशींची सुट्टी, शाळेची व्हॅन, ओला-सुका कचरा वेगळा करून सकाळी गाडीत टाकणं, वीजबिल, बाबांची रक्ततपासणी, लग्नाच्या आहेराची पाकिटं. सुमारे तीस-पस्तीस बाबी निघतील. प्रत्येकीसमोर एकच नाव लिहा. 'दोघं' लिहिलेलं काम कोणीच करत नाही.

घरून काम करणाऱ्या सुनेची गोष्ट आणखी वेगळी. सासूबाईंच्या दृष्टीने ती घरात आहे, म्हणजे दार तिने उघडायचं, कचरा तिने द्यायचा, आणि काकू आल्या तर चहाही तिनेच टाकायचा. इथे समजावण्यापेक्षा दिसेल अशी खूण उपयोगी पडते. खोलीच्या दाराला दोरीवर एक पाटी: एका बाजूला 'कॉल चालू', दुसऱ्या बाजूला 'या'. दिवसातून दोनदा, साडेअकरा आणि साडेचारला, १५ मिनिटं खरोखर बाहेर येऊन बसावं. 'आई, साडेअकराला येते, तेव्हा सांगा' हे वाक्य आठवडाभर पाळलं की मधल्या हाका बऱ्याच कमी होतात. पाटी दिवसभर 'कॉल चालू'वरच ठेवली तर मात्र तिसऱ्या दिवशी तिच्याकडे कोणी बघत नाही.

बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. शिवाय ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटून येण्याची मुभा. रजा सगळे मागतात, पाळणाघराचं फारसं कोणी विचारत नाही.

रजा आणि रविवार

वर्षाची रजा जानेवारीत मांडा. इंदुरात काही दिवस काम होणारच नसतं, तर त्या दिवसांशी झगडू नका. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, शहराला सुट्टी असते, पण परदेशातल्या क्लायंटला ती ठाऊक नसते. आधीच कॅलेंडरात टाका. अनंत चतुर्दशीला गिरणी कामगारांच्या झांक्या (चित्ररथ) बघायला रात्रभर बाहेर राहायचं असेल तर रजा दुसऱ्या दिवसाची घ्या. चतुर्दशीची घेऊन दुसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी ऑफिसात बसणारे दर वर्षी दिसतात. अमेरिकेचं काम असेल तर नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपासून दोनतीन दिवस आणि नाताळ ते नवं वर्ष या काळात तिकडची माणसं नसतात; मोठी रजा तेव्हा सहज मंजूर होते. दिवाळीची रजा मात्र दोन महिने आधी मागितलेली बरी.

रविवारी एकच ठरलेलं काम ठेवा. मुंज, सत्यनारायण, वाढदिवस आणि रिसेप्शन एकाच दिवशी येतात तेव्हा तीन ठिकाणी आहेर पाठवून एका ठिकाणी जेवा. रिसेप्शनला साडेसातला पोचलात तर नऊला घरी याल. साडेनऊला निघालात तर मंचासमोरच्या रांगेतच पाऊण तास जाईल. सराफ्याचं, म्हणजे सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीचं, म्हणाल तर तो रंगतोच सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर. भुट्टे का कीस खाऊन परतायला एक वाजतो, म्हणून शुक्रवार किंवा शनिवार. बुधवारी पाहुण्यांच्या आग्रहाने गेलात की गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही जातात. इंदुरातल्या 'सानंद' या मराठी संस्थेचं नाटक किंवा एखादी मैफल असेल तर तारीख कळताच ती ऑफिसच्या कॅलेंडरातही टाका. नुसतं 'मोकळा वेळ' लिहिलेलं कोणीही उचलून नेतं. 'नाटक, साडेसात' लिहिलेलं सहसा जागेवर राहतं.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, मुलांवर विनाकारण ओरडणं वाढलं असेल, रोज संध्याकाळी प्यायल्याशिवाय बरं वाटत नसेल, तर वेळापत्रकाची डागडुजी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो.

घाईचे दिवस येणारच. बँकवाल्यांचा आणि सीएंचा मार्च, कारखान्याचं ऑडिट, सॉफ्टवेअरवाल्यांचं रिलीज. त्या काळापुरता नियम मोडायचा तर वहीत दोन तारखा लिहा, सुरुवातीची आणि संपण्याची, आणि संपण्याची तारीख घरातल्यांनाही सांगा: '५ एप्रिलपर्यंत मला धरू नका.' सहा एप्रिलला पुन्हा चौथा रकाना भरायला घ्या. तिथे अजूनही दहा वाजत असतील तर त्याच आठवड्यात, वही समोर ठेवून, साहेबाकडे वेळ मागा.